दारू सुटल्यावर संध्याकाळ काढायची कुठं? कोल्हापुरातल्या जागांची रोखठोक झडती

दारू सोडणाऱ्याला सल्ला देणारे पायलीला पन्नास मिळतात. मन रमवा, छंद लावून घ्या, व्यायाम करा. हे सगळं किती वाजता, कुठं आणि कुणाबरोबर करायचं असं विचारलं, की समोरचा गप्प होतो. म्हणून ही झडती. कोल्हापुरात अशा माणसाला ज्या जागा आणि ज्या सोयी नेहमी सुचवल्या जातात, त्या त्याच्या खरोखर किती कामाच्या आहेत, एवढंच इथं पाहिलं आहे. जागा चांगली की वाईट हा मुद्दाच नाही. रंकाळ्याला वाईट कोण म्हणेल?

अडचण घड्याळाची आहे. कोल्हापूर हे मुळात पहाटेचं गाव. तालमीतला घाम पहाटेचा, रंकाळ्याची फेरी पहाटेची, शिवाजी विद्यापीठाच्या आवारातलं चालणं पहाटेचं, अंबाबाईची काकड आरतीही पहाटेचीच. दारू मात्र दिवेलागणीला आठवते. पहाटे पाचला उठून तासभर घाम गाळलेला माणूस संध्याकाळी साडेसातला दुकानाचं शटर खाली ओढतो, तेव्हा जेवणापर्यंतचे दोन-अडीच तास त्याच्यापुढं मोकळे पडलेले असतात. इतकी वर्षं ते तास कुठं जायचे, हे त्याच्या पायांनाही पाठ असतं. बहुतेक सल्ले नेमके इथं फसतात.

त्यामुळं पहिली कसोटी वेळेची. जागा साडेसहा ते साडेनऊ या पट्ट्यात चालू असते का? दुसरी, एक दिवस गैरहजर राहिलं तर "काल कुठं हुतास रं?" असं विचारणारं तिथं कुणी आहे का? तिसरी वाटेची. जाता-येता ओळखीची परमिट रूम लागत असेल, तर उत्तम जागाही निम्मी बाद. आणि हात गुंतून राहतात का तेही पाहायचं, कारण रिकाम्या हाताला ग्लास आठवतो. खर्च शेवटी, दारूपेक्षा महाग यातलं काहीच नाही.

आधी दवाखाना, मग छंद

रोज पिणारा, सकाळी उठल्या उठल्या घोट लागणारा, किंवा पूर्वी सोडताना फिट आलेला माणूस असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या, बेचैनी सुरू होते. फिट येण्याची भीती पहिल्या दोन दिवसांत जास्त. भास, भ्रम, ताप असा जो गंभीर प्रकार असतो, तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उभा राहतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. 'घरात कोंडून ठेवतो, दोन दिवसांत ठिकाणावर येईल' हा उपाय म्हणूनच जीवघेणा आहे.

गल्लीतल्या दवाखान्यात 'ताकदीची सलाईन' लावून घ्यायची आपल्याकडं सवय आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व म्हणजे थायामिन बऱ्याचदा फार कमी झालेलं असतं. तशा अंगात नुसतं ग्लुकोज सोडलं, तर उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून आधी थायामिन, मग ग्लुकोज. डॉक्टरांना पिण्याचं खरं प्रमाण सांगितलं तरच त्यांना हे सुचणार. 'कधीतरी घेतात' असं सांगणारी बायको किंवा भाऊ पेशंटचं नुकसानच करतात. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय या कामाला चालतं. कुठं जावं हेच कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14446 आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस 14416, दोन्ही फुकट आहेत.

निवासी केंद्र निवडताना माहितीपत्रकावरचा बगीचा पाहू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी संबंधित आजारही येतात, त्यामुळं केंद्राची राज्य प्राधिकरणाकडं नोंदणी लागते. साखळदंडाने बांधायला तर या कायद्याने सरळ मनाई आहे. दारातच चार प्रश्न विचारावेत: नोंदणी दाखवता का, मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देता का, आणि बाहेर पडल्यावर पाठपुराव्याची बैठक कुठं, किती दिवसांनी. चौथ्या प्रश्नावर जे अडखळतात, ते फक्त माणूस ठेवून घेतात.

भिंतीवरच्या 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' या जाहिरातींबद्दल एकच सांगतो. त्या पुडीत काय आहे ते कळत नाही. डायसल्फिरम ही दारू सोडवण्याची गोळी असेल, तर त्यावर दारू पडली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर ही गोळी देतात ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, आणि शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्यावरच. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. गोळी चालू असताना घरातला औषधाचा डबाही तपासावा. द्राक्षासव, दशमूलारिष्ट ही आसव-अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यात अल्कोहोल असतंच. खोकल्याच्या काही औषधांतही असतं.

ए.ए.ची मीटिंग

घड्याळाच्या कसोटीला यापेक्षा चोख उतरणारी सोय शहरात दुसरी नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना. तिची सुरुवात 1935 साली अमेरिकेत झाली आणि भारतात ती 1957 मध्ये आली. मीटिंग बहुधा संध्याकाळचीच असते, तास-दीड तासाची. जागा साधी: शाळेची खोली, एखादा हॉल. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी पिशवी फिरते, त्यात दहा रुपये टाका नाहीतर काहीच टाकू नका. सभासद होण्याची अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. काल पिऊन झालेला माणूसही आज बसू शकतो. त्याने फक्त ऐकायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दहा मिनिटं आधी पोचायचं, कारण खरी ओळख खुर्च्या मांडताना होते. बोलायची सक्ती नसते, "आज फक्त ऐकतो" एवढं म्हटलं की पुरतं. आणि निघताना दोन-तीन जणांचे नंबर घेऊनच निघायचं. तलफ उठते तेव्हा मीटिंग चालू नसते, नंबर मात्र खिशात असतो. सहसा तलफ पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. एक फोन तेवढा वेळ खातो. पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करा असं तिथले जुने लोक सांगतात. त्यात गणित आहे: नव्वद दिवस रोजचा तो दीड तास आयता भरून निघतो. एकच गट रोज भरत नसेल, तर दोन-तीन गटांचे वार जुळवून घ्यावे लागतात.

आता खोड्या. शेअरिंग बऱ्याचदा लांबतं. तोच माणूस तीच गोष्ट दर आठवड्याला सांगतो, आणि महिनाभरात नव्याला कंटाळा येतो. 'उच्च शक्ती'चं बोलणं अनेकांना देवाधर्माचं वाटतं. गटावर गट बदलतो, एखाद्या ठिकाणी ते अजिबात अंगावर येत नाही, म्हणून एका मीटिंगवरून निकाल देऊ नये. बायका फार कमी दिसतात, आणि एकटीने येणारीला पहिला दिवस जड जातो. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन वेगळं असतं, तिथं बायकांची संख्या जास्त असते. निनावीपणाचं म्हणाल, तर कोल्हापुरात पेठेपेठेत नाती. संकोच वाटत असेल तर आपल्या पेठेतला गट सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाचा धरावा. बाहेर चहा आणि सिगारेटींचा धूर भरपूर, तेवढं सोसावं लागतं.

उपयोग होतो का, हे मोजलंही गेलं आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसं होती. ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमावर बेतलेल्या, नियमाने चालवलेल्या उपचारात पूर्ण दारूमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण वर्षभरानंतर 42 टक्के निघालं, इतर मान्य उपचारांत 35. जादू नाही, पण फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला हे भरपूर आहे. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या लांबलेल्या शेअरिंगचा कापला.

रंकाळा आणि वाचन मंदिर

रंकाळा चालण्यासाठी पाचपैकी चार, बसण्यासाठी दोन. साडेसहाला निघून तलावाच्या कडेने सलग चालावं, शालिनी पॅलेसची बाजू धरून परत फिरावं, पाऊण-एक तास जातो. घाम आल्याने रात्रीची झोपही सुधारते. सोडल्यावर पहिले काही आठवडे, कधी काही महिने, झोप तुटक येते, आणि त्या चिडचिडीतच बरेच जण परत पितात, म्हणून झोपेला किंमत आहे. पण चालून झालं की निघायचं. कठड्यावर एकटं बसलं, की जुने दोस्त गाडी थांबवून "काय भावा, एकटाच?" म्हणतात, आणि त्यापुढचं वाक्य ठरलेलं असतं. चौपाटीवरची भेळ चालेल. खारे शेंगदाणे आणि सोडा मात्र एकत्र घेऊ नये. चकण्याची चव जिभेवर आली की उरलेलं मेंदू स्वतःच जोडून घेतो. बिनअल्कोहोलच्या बिअरचंही तेच. वास, फेस, बाटलीची पकड, सगळं तेच असतं. पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नये.

करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं, महाराष्ट्रातल्या जुन्या ग्रंथालयांपैकी एक. शांतता आहे, वर्गणी किरकोळ. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांत लक्ष टिकत नाही, एक पान तीनदा वाचावं लागतं. तेव्हा जाडजूड कादंबरीने सुरुवात करू नये. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, छोट्या कथा यांनी करावी. बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्यावी, नाहीतर माणूस रात्री आठलाच पुन्हा रस्त्यावर. शिवाय ग्रंथालयात गैरहजेरी कुणी विचारत नाही. वर्षभराने उत्तम, पहिल्या महिन्यात बेताचं.

तालीम, फुटबॉल आणि पेठेचा अभिमान

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं घेतली, की पस्तिशीतल्या माणसालाही लांग चढवावीशी वाटते. सावकाश. पिऊन पिऊन स्नायू झिजलेले असतात, रक्तदाब वर-खाली होत असतो, यकृत सुजलेलं असू शकतं. पहिले सहा आठवडे चालणं आणि हलके जोर-बैठका, तेही रक्तदाब आणि यकृताच्या तपासण्या झाल्यावर. फुगवट्याच्या पावडरी आणि 'लिव्हर टॉनिक' स्वतःच्या मनाने घेऊ नये. तालमीचं खरं बळ म्हणजे वस्ताद. न आलेल्याला तो निरोप धाडतो. वयाने कुस्ती जमत नसेल, तर लाल माती खणून भुसभुशीत करणं, पोरांच्या खुराकाकडं बघणं, अशी कामं मागून घेता येतात, आणि कुठलाही वस्ताद त्याला नाही म्हणत नाही.

फुटबॉलचं प्रकरण वेगळं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल यांचे सामने बघणं हा झकास वेळ आहे, आणि सामना दुपारचा असतो. धोका सामना संपल्यावर सुरू होतो. जिंकले तरी बसायचं, हरले तरी बसायचं. बघायचं तर पोराला किंवा पुतण्याला बरोबर न्यावं आणि शिट्टी वाजल्यावर थेट घर गाठावं. क्रिकेटच्या मोसमात मोबाईलवर पैसे लावणं, रमी, मटका यांच्यापासून चार हात लांब. दारू सुटलेला मेंदू दुसरी झिंग शोधतच असतो. मावा आणि तंबाखूही त्यातलंच. ते लगेच सुटत नसेल तर निदान वाढू देऊ नये.

तबला, पखवाज आणि कणीक

या झडतीत आमची पसंती इथं आहे. गायन समाज देवल क्लब हे कोल्हापूरच्या संगीताचं जुनं घर, उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या गावातलं. तिथं किंवा आपल्या पेठेतल्या एखाद्या वर्गात तबला लावावा, आणि चौकशीतच संध्याकाळची तुकडी मागावी. तबलाच का? दोन्ही हात गुंततात आणि डोकं मोजण्यात अडकतं. सोळा मात्रांचा तीनताल, चार विभाग, नवव्या मात्रेवर खाली. हे मोजत असताना बाकीचं काही मनात शिरायला जागा उरत नाही. पहिल्या काही आठवड्यांत बोटांना कंप असेल तर 'ना' स्वच्छ उमटत नाही, घाबरू नये, वीस मिनिटं संथ लयीत घासावं. दोन महिन्यांनंतरही कंप तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवावं.

यात हमखास होणारी चूक म्हणजे उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात तबला-डग्ग्याची जोडी विकत आणणं. चार आठवड्यांनी ती माळ्यावर जाते, आणि 'हेही जमलं नाही' ही खंत दारूच्या दुकानापर्यंत पोचवते. तीन महिने वर्गातल्या तबल्यावर शिकावं. चौथ्या महिन्यात प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म भरायची इच्छा टिकून असेल, तर मग जोडी.

वर्ग नको असेल, तर पेठेतलं किंवा जवळच्या गावातलं भजनी मंडळ पाहावं. भजन जेवणं आटपल्यावर सुरू होतं, म्हणजे रात्रीचा तो रिकामा वेळ आपोआप भरतो. गाता येत नाही ही सबब चालत नाही, टाळ कुणालाही जमतो. नव्या माणसाने एक काम हट्टाने मागून घ्यावं: पखवाजाची कणीक. डाव्या तोंडाला ओली कणीक लावली की त्याचा आवाज खर्जात जातो. त्यासाठी भजनाच्या अर्धा तास आधी येऊन मूठभर कणीक घट्ट भिजवायची, मऊ होईपर्यंत मळायची आणि मधोमध गोल थापायची. कमी लावली तर आवाज फटफटतो, जास्त लावली तर दबतो. वादक एक थाप मारतो, मान हलवतो, आपण चिमूटभर काढतो किंवा वाढवतो. भजन संपल्यावर ती खरवडून काढायची, नाहीतर सुकून कातडं खराब होतं. काम अर्ध्या तासाचं, पण तो माणूस आला नाही तर भजन अडतं. गैरहजेरी विचारली जाण्याची याहून पक्की सोय नाही.

भजनाच्या ओढीने पुढं कुणी तुळशीची माळ घालतो. सामाजिक अंगाने पाहिलं तर ही फार सोयीची गोष्ट आहे. "सोडलीय" म्हटलं की चार जण आग्रह करतात, "माळ घातलीय" म्हटलं की तेच चार जण ग्लास मागं घेतात. पण माळेबरोबर मांसमच्छीही जाते, एकादशी येते, वारी येते. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा जिवापाड आवडणाऱ्याने नुसती ढाल म्हणून माळ घालू नये. एका रविवारी ती खुंटीला अडकते, मटणापाठोपाठ बाटली येते, आणि वर पापाची बोच. वर्षभर भजनाला बसावं, आषाढीला दिंडीबरोबर जवळच्या नंदवाळच्या विठ्ठलापर्यंत चालत जावं, मग ठरवावं.

रविवार, रस्सा मंडळ आणि दूध कट्टा

रविवार हा सगळ्यात अवघड वार, कारण त्याचं वेळापत्रकच नसतं. रस्सा मंडळाचं, म्हणजे शेतात मटण शिजवून बसणाऱ्या दोस्तांचं, आमंत्रण पहिले सहा महिने सरळ नाकारावं. 'मी नुसतं जेवीन' हे शेतातल्या चुलीपाशी टिकत नाही. रस्सा शिजायला तीन तास, आणि ते तीन तास बाकीचे पीत असतात. त्यापेक्षा घरचं मटण स्वतः शिजवायला घ्यावं. सकाळी आठला आणायचं, हळद-मीठ, आलं-लसूण लावून ठेवायचं, कांद्यावर परतून गरम पाणी घालून शिजवायचं आणि आळणी पाणी गाळून दोन वाटण्या करायच्या. एकीत कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचं वाटण, तो तांबडा. दुसरीत खसखस-काजूचं वाटण आणि नारळाचं दूध, तो पांढरा. नारळाचं दूध पडल्यावर आच मंद ठेवून ढवळत राहायचं. खळखळ उकळी आली की रस्सा फुटतो आणि वर तेल-पाणी वेगळं दिसतं. एकच्या जेवणापर्यंत सकाळ संपते, घरचे खूश, आणि पोट भरलेलं.

पोट भरलेलं असणं ही किरकोळ बाब नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांतलं एक जरी वाढलं, तरी तलफ जवळ येते. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी गाठतं आणि 43 ला धोका पातळी. नदीकाठची माणसं 39 लाच जनावरं हलवतात, 43 ची वाट बघत नाहीत. इथंही तेच. संध्याकाळी सहाला दोन भाकरीचे तुकडे, चटणी-दही, मूठभर फुटाणे आणि गूळ खाल्ला, तर साताची तलफ निम्मी होते. गोड खायची ओढ लागतेच. मधुमेह नसेल तर पहिले दोन महिने तिच्याशी झगडू नये.

गप्पांना जागा हवीच. 1973 साली अमेरिकेत हंट आणि अझ्रिन या संशोधकांनी व्यसनी रुग्णांसाठी नोकरी, घर आणि करमणूक यांची नव्याने घडी बसवून पाहिली. त्यात एका जुन्या गुत्त्याचंच बिनदारूच्या क्लबात रूपांतर केलं होतं, आणि पिऊन आलेल्याला दारातून परत पाठवायचे. कोल्हापुरात त्यासाठी वेगळा खर्च नको, गंगावेशीत दूध कट्टा आहे. संध्याकाळी म्हैस समोर पिळली जाते, फेसाळता ग्लास हातात येतो, आणि उभ्याउभ्या अर्धा तास गप्पा होतात. ग्लास हातात धरायची सवय तशीच राहते, आत दूध असतं, एवढाच फरक. तक्रार एक: दूध कच्चं. पोट किंवा यकृत नाजूक असेल तर तापवलेलं दूध मागावं, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षय असे आजार येऊ शकतात. आणि कट्ट्यावर एकट्याने जाऊ नये, तिथं ओळख आपोआप होत नाही.

पैशाचं एक. खिशात रोजचे दारूचे पैसे तसेच राहिले, की ते वाट दाखवतात. रोजची बचत गोळा करणारा पिग्मीवाला संध्याकाळी दुकानावर येतोच, त्याला रोजचे दोनशे द्यावेत. महिन्याला सहा हजार, वर्षाला त्र्याहत्तर हजार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. खातं उघडताना एवढं बघावं. पुस्तक बायकोकडं द्यावं.

कॅलेंडरवर लाल खुणा

आषाढात मंगळवार-शुक्रवारी त्र्यंबोली देवीला नवं पाणी घालायला वाद्यांच्या 'पी ढबाक' गजरात मिरवणुका निघतात आणि गल्लोगल्ली मटणाच्या पंगती बसतात. त्याच महिन्याच्या शेवटी गटारी. मग विसर्जनाची रात्रभर चालणारी मिरवणूक, रंगपंचमी, लग्नसराईतल्या हळदीच्या रात्री. हे दिवस आठवडाभर आधी हेरून त्या संध्याकाळी कुठं असायचं ते लिहून ठेवावं. गटारीला मीटिंग, विसर्जनाला मंडळाच्या पाणी किंवा महाप्रसादाच्या स्टॉलवर ड्युटी, हळदीला जेवून नऊच्या आत परत. स्वतःची गाडी न्यावी, म्हणजे दुसऱ्याच्या सोयीने थांबावं लागत नाही.

31 डिसेंबरला 'द दारूचा नव्हे, दुधाचा' म्हणत दूध वाटलं जातं. तिथं प्यायला नाही, पातेल्यापाशी उभं राहायला जावं. वीस लिटर दुधाला दीड-पावणेदोन किलो साखर, वेलची, शंभर मिलीचे साधारण दोनशे पेले. साखर उकळी आल्यावरच घालायची आणि झारा तळापासून फिरवत राहायचा. दूध तळाला लागलं की करपट वास सगळ्या पातेल्याला येतो, मग लोक एका घोटात पेला खाली ठेवतात. सातला शेगडी पेटली की वाटप, पेले गोळा करणं, पातेलं घासून परत पोचवणं, यात अकरा वाजतात. त्या रात्री परमिट रूमना उशिरापर्यंत परवानगी असते, म्हणून घरी एकट्याने जाऊ नये. कुणाला तरी सोडायचं कबूल करून ठेवावं आणि त्याला मागं बसवून निघावं.